उधारीचें बक्षीस

ज्येष्ठाच्या वद्य पक्षांत तुकोबांची पालखी पुणें सोडून लोणी काळभोरच्या मुक्कामावरून निघते आणि सायंकाळीं यवत येथें येऊन टेंकते. काळभैरवनाथाच्या देवळीं तिचा मुक्काम पडतो, आणि गांवकरी त्या रात्रीं वारकऱ्यांस पिठलें-भाकरी वाढतात. हजारों माणसें जेवतात. परंतु कोणी किती भाकरी खाल्ल्या याची टीप कोणी ठेवीत नाहीं. त्याच गांवाला लागून पुणें-सोलापूर महामार्ग जातो. त्या रस्त्यावरील एखाद्या उपाहारगृहांत एखादा गृहस्थ सहकुटुंब जेवतो आणि पैशांऐवजीं क्रेडिट कार्ड पुढें करतो. येथें मात्र टीप तत्काळ होते; एवढेंच नव्हे, तर त्या खर्चाबद्दल त्याच्या नांवावर कांहीं ‘पॉइंट’ जमा होतात. वर्षाअखेर त्या पॉइंटांवर तो विमानानें काशीस जाऊन येतो, आणि प्रवास फुकट झाला असें आप्तेष्टांस कौतुकानें सांगतो.

उधारीनें घेणाऱ्यास व्याज पडावें हें आपल्या वाडवडिलांस ठाऊक होतें. त्यास उलट बक्षीस मिळावें, ही गोष्ट त्यांस थट्टेची वाटली असती. म्हणून विचारी मनुष्यास प्रश्न पडतो कीं, हें बक्षीस येतें कोठून, आणि तें घेणें शहाणपणाचें केव्हां ठरतें? सुदैवानें उत्तर शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मातींतच उधारीचा एक मोठा इतिहास घडलेला आहे.

प्रवास आणि पत यांचा संबंध जुना आहे. रस्ते निर्भय नव्हते तेव्हां कमरेला कसा बांधून काशीयात्रेस निघणें म्हणजे चोरांस आमंत्रण देणेंच होतें. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींत उत्तर हिंदुस्थानांत फिरले. प्रवासांत मिळालेलें द्रव्य हातीं टिकविणें किती कठीण होतें, हें त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकावरून दिसतें. या अडचणीवर आपल्या पेढ्यांनीं काढलेली तोड म्हणजे हुंडी. पुण्यांत रुपये भरावे, पेढीवाल्यानें परगांवच्या आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहून द्यावी, आणि यात्रेकरूनें ती तेथें दाखवून पैसे घ्यावे. दाखवितांच वटावयाची ती दर्शनी हुंडी, ठराविक दिवसांनीं वटावयाची ती मुदती, आणि माल सुखरूप पोंचला तरच वटावयाची ती जोखमी. या सेवेबद्दल पेढी हुंडणावळ घेई. नरसी मेहत्यानें द्वारकेच्या यात्रेकरूंस शामळशा शेठवर हुंडी लिहून दिली आणि ती प्रत्यक्ष देवानें वटविली, ही कथा लोकांस गोड वाटे, याचें एक कारण असें कीं तिच्यांतला व्यवहार त्यांच्या नित्य परिचयाचा होता. यात्रेकरूच्या हुंडींतील दोन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. एक, ती घेणारा आपलाच पैसा पुढें पाठवीत असे. आणि दुसरी, सेवेचा मोबदला कोण देतो हें उभयतांस ठाऊक असे.

दुसऱ्या प्रकारची पत म्हणजे कर्जरोख्याची. तिचा अनुभव या टापूनें फार कडू रीतीनें घेतला. १८५८ सालीं पुण्याहून पूर्वेस दिक्सळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला, तो यवत-दौंडवरूनच. पुढें १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तिकडील कापूस येईनासा होऊन हिंदुस्थानच्या कापसास अपूर्व भाव आला. मुंबईंत पैसा मावेना, आणि तो एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर उतरत अखेर दख्खनच्या कुणब्याच्या दारापर्यंत पोंचला. सावकार मागेल त्यास देत होता, आणि मिळतें म्हणून कुणबी घेत होता. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, सावकारानें हात आखडता घेतला, आणि पुढें लवकरच सरकारनें सारा वाढविला. पत सहज मिळत होती तेव्हां ती आपली मिळकतच आहे असें ज्यांस वाटलें होतें, त्यांस ती परक्याची आहे हें तेव्हां कळलें.

त्यांतच कायद्याची एक विचित्र करणी झाली. व्याज वर्षानुवर्षें तुंबूं नये या हेतूनें १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्याची मुदत तीन वर्षें ठरविली. परिणाम उलट झाला. दर तीन वर्षांनीं सावकार नवा रोखा लिहून घेई, आणि थकलेलें व्याज त्यांत मुद्दल होऊन बसे. दामदुपटीच्या जुन्या नियमाप्रमाणें मुद्दलाहून अधिक व्याज घेतां येत नसे. पण रोखा नवा झाला कीं मुद्दलही नवें, मग दामदुपट कशाची मोजावयाची? पुढें सरकारी चौकशींत शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचें उदाहरण बाहेर आलें. कुणब्यास लिहितां-वाचतां येत नव्हतें. तो अंगठा उठवी आणि घरीं जाई.

१८७४ सालीं शिरूर तालुक्यांतील करडे या गांवीं काळुराम नांवाच्या सावकारानें सुमारें दीडशें रुपयांच्या कर्जापायीं बाबासाहेब देशमुख यांच्या घरावर हुकूमनामा मिळविला. गांव खवळला आणि त्यानें सावकारावर बहिष्कार घातला. दुसऱ्या वर्षीं, १२ मे १८७५ रोजीं, सुपें येथें भोंवतालच्या खेड्यांतील लोक जमले. सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांतलें मोठें बाजारगांव होतें, आणि यवतही त्याच तालुक्यांत मोडत असे. लोकांनीं सावकारांच्या वह्या आणि रोखे मागून घेऊन त्यांची होळी केली. धान्याचीं दुकानें लुटलीं, कांहीं घरेंही पेटविलीं. ही आग पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गांवांत पसरली. सरकारनें चौकशी करविली आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांकरितां दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. रोखा काय म्हणतो एवढेंच न पाहतां मूळ व्यवहार काय झाला हें तपासण्याचा अधिकार त्यानें न्यायाधीशास दिला. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, फेडलेल्या पैशांची पावती, दरवर्षीं हिशेबाचा उतारा आणि खातें लिहिलेली वही मागण्याचा हक्कही त्यानें शेतकऱ्यास दिला. ऋणकोचा हिशेब ऋणकोच्या हातीं असावा, हें तत्त्व या मातींत असें कायद्यांत शिरलें.

आतां क्रेडिट कार्डाकडे वळूं. त्याच्या ठायीं हुंडी आणि रोखा या दोहोंचा संकर झालेला आहे. अमेरिकन एक्सप्रेस कंपनीनें १८९१ सालीं प्रवाशांसाठीं चेक काढला, तो हुंडीच्याच जातीचा. १८९६ पासून स्पेरी आणि हचिन्सन यांची पेढी दुकानदारांस हिरवीं तिकिटें विकूं लागली. गिऱ्हाइकानें खरेदीबरोबर मिळालेलीं तिकिटें वहींत चिकटवावीं आणि वही भरली म्हणजे वस्तु घ्यावी. पॉइंटांचा मूळ पुरुष तो हा. १९५० सालीं न्यूयॉर्कमध्यें डायनर्स क्लब निघाला, आणि एका कार्डावर अनेक उपाहारगृहांत जेवून महिन्याअखेर एकदम पैसे भरण्याची सोय झाली. १९६१ सालीं काली मोदी यांनीं तें कार्ड हिंदुस्थानांत आणलें. १९८० सालीं सेंट्रल बँक ऑफ इंडियानें आपलें कार्ड काढलें. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें नित्य प्रवास करणाऱ्यांच्या नांवें मैल जमा करण्यास आरंभ केला. पुढें बँका विमान कंपन्यांकडून असे मैल घाऊक भावानें विकत घेऊन आपल्या गिऱ्हाइकांस वांटूं लागल्या, आणि आजचें हें बक्षीस जन्मास आलें.

मग तें देतो कोण? प्रथम दुकानदार. कार्डानें दिलेल्या प्रत्येक रकमेंतून त्यास कांहीं टक्के बँकेकडे सोडावे लागतात. ही आजची हुंडणावळ होय, आणि ती तो मालाच्या किंमतींत मिळवितो. म्हणजे शेजारीं उभा राहून रोख पैसे देणारा मनुष्यही तिचा वांटा उचलतो, पण त्यास पॉइंट मिळत नाहींत. १ जानेवारी २०२० पासून सरकारनें यूपीआय आणि रूपे डेबिट कार्ड यांवरील ही आकारणी शून्य केली. त्या मार्गानें खात्यांतून पैसे देणाऱ्यास बक्षीस क्वचितच मिळतें याचें कारण यांतच आहे. जेथें हुंडणावळ नाहीं, तेथें वांटावयास कांहीं नाहीं. बक्षीसाचा दुसरा दाता म्हणजे वार्षिक वर्गणी भरणारा स्वतः कार्डधारक. आणि तिसरा दाता तो, जो महिन्याअखेर पूर्ण रक्कम न भरतां बँकेनें छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरून निश्चिंत होतो. त्याच्या उरलेल्या रकमेवर बहुधा दरमहा तीन ते पावणेचार टक्के व्याज चढतें; नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. सावकारास नव्या रोख्यासाठीं तीन वर्षें थांबावें लागे; येथें बाकी दरमहा पुढें ओढली जाते, आणि त्यास अंगठाही लागत नाहीं.

हें आंकड्यांनीं पाहिल्यास अधिक स्पष्ट होईल. समजा, एका गृहस्थानें पन्नास हजार खर्च केले, आणि शेंकडा दोन रुपयांप्रमाणें त्यास एक हजाराचें बक्षीस मिळालें. तीच रक्कम तो एक महिना थकवील तर साडेतीन टक्क्यांप्रमाणें १,७५० रुपये व्याज आणि त्यावर अठरा टक्के कर ३१५ रुपये, एकूण २,०६५ रुपये जातात. म्हणजे एका महिन्याच्या दिरंगाईनें दोन महिन्यांचें बक्षीस नाहींसें झालें. म्हणून पहिला नियम हा कीं, संपूर्ण बाकी ठरल्या दिवशीं भरण्याची ज्याची ऐपत आणि शिस्त आहे, त्यानेंच या वाटेस जावें. आणि कार्डावर रोख रक्कम कधींच उचलूं नये, कारण तिचें व्याज उचलल्या दिवसापासून मोजलें जातें.

दुसरा नियम वर्गणीचा. समजा, उंची कार्डाची वर्गणी करासह ११,८०० रुपये आहे आणि शंभर रुपयांस दोन पॉइंट मिळतात. वर्षास चार लाख खर्चणाऱ्या कुटुंबास आठ हजार पॉइंट मिळतील. विमानाच्या तिकिटांत पॉइंटास एक रुपया पडला तरी आठच हजार झाले. घड्याळ किंवा मिक्सर घेतांना पंचवीस पैसे पडले तर दोनच हजार. या कुटुंबास बिनवर्गणीचें साधें कार्ड बरें. दहा लाख खर्चणाऱ्याचे वीस हजार पॉइंट प्रवासांत लावले तर वर्गणी भागून कांहीं उरतें. वस्तूंत लावले तर तोही तोट्यांत येतो. विमानतळावरील विश्रांतिकक्षाचें मोल, आपण पदरचे पैसे देऊन तेथें किती वेळां बसलों असतों, यावरून ठरवावें. उंची वर्गाचें दीड लाखाचें तिकीट पॉइंटांवर मिळालें, म्हणून दीड लाख वांचले असें होत नाहीं. जें तिकीट आपण एरवीं घेतलें असतें, त्याचेच पैसे वांचले. आणि पॉइंटांसाठीं म्हणून केलेली खरेदी तर शंभर रुपये देऊन दोन रुपये विकत घेण्यासारखी आहे.

तिसरा नियम संचयाचा. पॉइंट म्हणजे मुदत आणि दर दोन्ही लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली हुंडी होय. किंगफिशरचीं विमानें २०१२ सालीं थांबलीं. जेट एअरवेजचीं १७ एप्रिल २०१९ रोजीं थांबलीं. तिचे पॉइंट पुढें नांव बदलून उरले, परंतु ज्या आसनांसाठीं लोकांनीं ते सांचविले तीं आसनें उरलीं नाहींत. विस्तारा २०२४ च्या नोव्हेंबरांत एअर इंडियांत विलीन झाली, तेव्हां तिचे पॉइंट निदान नव्या धन्याकडे वर्ग झाले. यांतून घ्यावयाचा बोध साधा आहे: पॉइंट हें धन समजून सांठवूं नये, ज्या यात्रेसाठीं मिळविले ती ठरवावी आणि वेळींच करावी.

कायदा आपणांस सांभाळील या भरंवशावरही राहूं नये. २००८ सालीं राष्ट्रीय ग्राहक आयोगानें कार्डावरील बाकीस वर्षास तीस टक्क्यांहून अधिक व्याज लावणें अनुचित ठरविलें होतें. २० डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. दामदुपटीसारखी मर्यादा येथें गृहीत धरतां येत नाहीं. परंतु १८७९ सालीं शेतकऱ्यास जो हिशेबाचा उतारा वर्षांतून एकदां मागून मिळावयाचा, तो आज प्रत्येक कार्डधारकाकडे दरमहा न मागतां येतो. त्यांत बाकी, व्याजाचा दर, किमान रक्कम, शेवटचा दिवस, सारें लिहिलेलें असतें. सुप्याच्या बाजारांत जमलेल्या माणसांस तो वाचतां आला नसता. आपणांस येतो, आणि तरी आपण पुष्कळदां पॉइंटांचा आंकडा तेवढा पाहून कागद बाजूस सारतों.

यवत येथें ज्यांच्या पादुका मुक्कामास येतात, त्या तुकोबांच्या घरीं सावकारी होती, आणि त्यांनीं आपल्या वांट्याचीं खतपत्रें इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते. सुप्यास ऋणकोंनीं कागद जाळले; देहूस धनकोनेंच ते बुडविले. आपण सामान्य प्रपंची माणसें. आपणांकडून यांपैकीं एकही होणें नाहीं. बक्षीस नियमानें मिळत असेल तर तें घ्यावें, त्यांत पाप नाहीं. मात्र त्यास फुकट म्हणूं नये. त्या तिकिटाचे पैसे कोणीतरी भरलेले असतात, आणि पुष्कळदां तो भरणारा आपल्याच गल्लींतला, किमान रक्कम भरून स्वस्थ झालेला एखादा तरुण असतो. पहिला पगार हातीं येतांच त्यानें कार्ड घेतलें असेल तर घरांतील वडील माणसांनीं त्याच्याजवळ बसून त्याच्यासह तो महिन्याचा उतारा एकदां वाचावा. पिठलें-भाकरी मात्र यवतकर पुढील वर्षींही वाढतील, आणि तिचा हिशेब कोणासही द्यावा लागणार नाहीं.