कळंबचं सोयाबीन आणि पुण्यातलं जपानी हॉटेल: मेन्यूकार्डवरचे ते शब्द नेमके काय सांगतात?

ऑक्टोबर उजाडला की कळंबच्या बाजार समितीत सोयाबीनची वाहनं लागायला सुरुवात होते. दर काय निघाला, ओलावा किती धरला, कट्टी किती लागली, हीच चर्चा. दसरा-दिवाळीचा खर्च, पोरांच्या फिया, रब्बीचं बियाणं, सगळं या पोत्यांवर अवलंबून असतं.

याच कळंबमधला एखादा पोरगा पुण्यात नोकरीला लागतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ऑफिसची मंडळी त्याला एका जपानी हॉटेलात घेऊन जातात. मेन्यूकार्डवरचा एकही शब्द ओळखीचा नसतो. टेबलावर पहिली डिश येते. उकडलेल्या हिरव्या शेंगा, त्यावर जाडं मीठ. नाव, एदामामे. किंमत, काहीशे रुपये.

तो शेंग सोलतो आणि त्याच्या लक्षात येतं, अरे, हे तर सोयाबीन!

धाराशिव जिल्ह्यातलं खरिपाचं प्रमुख पीक असलेलं सोयाबीन आपल्याकडे विकायचं पीक आहे, खायचं नाही. जपानमध्ये मात्र अख्खं जेवण त्याच्याभोवती उभं आहे. म्हणूनच पहिल्यांदा जपानी हॉटेलात जाणाऱ्यांनी काय मागवायचं, काय विचारायचं आणि काय टाळायचं, हे समजून घेऊ.

साधं जपानी हॉटेल म्हणजे कसलं?

जपानी जेवण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर महागडं पंचतारांकित हॉटेल येतं. त्याला कारणही आहे. मुंबईत ताजमहाल पॅलेसमध्ये 2004 साली ‘वसाबी बाय मोरिमोतो’ सुरू झालं, तेव्हा जपानी खाणं ही श्रीमंतांचीच गोष्ट होती. पुढे वांद्रे-खारच्या गल्ल्यांमध्ये छोटी जपानी हॉटेलं आली. पुण्याच्या आसपास चाकण, रांजणगावच्या पट्ट्यात जपानी कंपन्या आल्या, शहरात जपानी भाषा शिकणाऱ्यांची संख्या वाढली आणि हे जेवण तिथेही रुळलं.

खुद्द जपानमधल्या गर्दीच्या शहरांत साधी हॉटेलं साधारण चार प्रकारची असतात. रामेन-या म्हणजे फक्त नूडल्सचं दुकान. इझाकाया म्हणजे ऑफिस सुटल्यावर मित्रांसोबत बसायची जागा, जिथे छोट्या छोट्या डिश मागवून वाटून खातात. तेइशोकु-या म्हणजे थाळीचं हॉटेल. भात, सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ, म्हणजे आपल्या राइसप्लेटचाच भाऊ. आणि चौथं, फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचं हॉटेल.

या चौथ्या प्रकाराची गोष्ट भारी आहे. ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी नावाच्या गृहस्थांचं सुशीचं दुकान होतं. माणसं कमी, गिऱ्हाईक जास्त. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना कल्पना सुचली आणि 1958 साली त्यांनी सुशीच्या बशा पट्ट्यावर सोडल्या. गिऱ्हाइकाने समोर आलेली बशी उचलायची, शेवटी रिकाम्या बशा मोजून बिल करायचं. सुशी सामान्य माणसाच्या खिशात आली ती अशा दुकानांमुळे.

आपल्याकडच्या जपानी हॉटेलात मात्र हे चारही प्रकार बहुतेक वेळा एकाच मेन्यूकार्डवर असतात. म्हणून गोंधळ जास्त होतो.

मेन्यूकार्डमध्ये सोयाबीन कुठे कुठे लपलंय?

*एदामामे:* सोयाबीन पिकून वाळायच्या आधी, हिरवं असतानाच तोडलेल्या शेंगा. नावाचा अर्थच ‘फांदीवरचे दाणे’. आपण ओल्या भुईमुगाच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडतो, तसाच प्रकार. साल खायची नाही, दाणेच खायचे.

*शोयू:* म्हणजे सोया सॉस. सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी यांत ‘कोजी’ नावाची बुरशी वाढवून ते काही महिने आंबवलं जातं. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी इथे जपून राहावं.

*मिसो:* शिजवलेलं सोयाबीन, मीठ आणि कोजी आंबवून केलेला घट्ट लगदा. तो गरम पाण्यात विरघळवला की मिसो सूप. आपल्याकडे जेवणात आमटी, तसं तिकडे मिसो सूप.

*तोफू:* सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून दूध काढायचं आणि ते क्षारांनी साकळवायचं. दिसायला पनीर, पण दुधाचा थेंबही नाही.

*नात्तो:* आंबवलेलं, तार सुटणारं सोयाबीन. वास उग्र. पहिल्याच भेटीत याच्या वाटेला न गेलेलं बरं.

आता प्रश्न पडतो की जपान्यांनी सोयाबीन एवढं डोक्यावर का घेतलं? एक कारण धर्माचं आहे. बौद्ध धर्माच्या प्रभावातून सम्राट तेन्मू यांनी इ.स. 675 मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदी घातली होती. पुढच्या शतकांत ही बंदी कधी कडक, कधी सैल राहिली, पण पोटभर मांस खाण्याची रीत पडली नाही. 1872 साली सम्राट मेइजी यांनी स्वतः गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, तेव्हा चित्र बदलायला लागलं. मधल्या जवळपास बाराशे वर्षांत प्रथिनांची भिस्त मासे आणि सोयाबीनवरच होती.

शाकाहारी असाल, माळकरी असाल तर काय विचारायचं?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. मिसो सूपमध्ये वर तरंगताना दिसतो तोफू आणि पातीचा कांदा. वाटतं, शाकाहारी आहे. पण त्या सुपाचं पाणी म्हणजे ‘दाशी’. ती बहुतेक वेळा कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीपासून आणि सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून बनते. मासा दिसत नाही, पण असतो. भज्यांच्या सोबत येणाऱ्या पातळ चटणीतही बऱ्याचदा हीच दाशी असते.

रामेनचंही तसंच. वर भाज्या असल्या तरी खालचा रस्सा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असू शकतो. मेन्यूवर ‘तोन्कोत्सु’ असेल तर तो डुकराच्या हाडांचाच समजायचा. ‘तोन्कात्सु’ म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेला डुकराच्या मांसाचा तुकडा. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक, पण दोन्हीकडे डुक्कर आहेच. शिवाय ‘मिरिन’ आणि ‘साके’ हे स्वयंपाकात वापरले जाणारे पदार्थ म्हणजे तांदळापासून केलेली दारू.

त्यामुळे ऑर्डर देण्याआधी वेटरला तीन सरळ प्रश्न विचारायचे. दाशीत मासा आहे का? रस्सा कशाचा आहे? मिरिन किंवा साके घातलंय का? भारतातल्या बऱ्याच हॉटेलांत कोंबू आणि शिताके मशरूमची शाकाहारी दाशी करतात. पण न विचारता ती मिळेलच असं धरून चालू नये. हे विचारण्यात लाज कसली? ताट आपलं आहे.

याच दाशीशी आपलं एक जुनं नातंसुद्धा आहे. तोक्योतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली कोंबूच्या दाशीला चव कशामुळे येते, याचा शोध लावला. तो घटक होता ग्लुटामेट. त्या चवीला त्यांनी ‘उमामी’ म्हटलं आणि पुढच्याच वर्षी त्याची पांढरी पूड बाजारात आली. तिचं नाव, आजिनोमोटो. म्हणजे गावोगावच्या चायनीजच्या गाडीवर जी पूड चिमटीने पडते, ती मुळात जपानी आहे.

सुशी म्हणजे कच्चा मासा ना?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर, मीठ लावलेला चिकट भात. त्याच्यावर किंवा आत काय घालायचं, ते ठरवता येतं. फक्त कच्च्या माशाचे काप हवे असतील तर त्याला ‘साशिमी’ म्हणतात.

काकडी घातलेली सुशी म्हणजे ‘काप्पा माकी’. तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात भरला की ‘इनारी’, पण तिचा तोफू दाशीत मुरवलेला असू शकतो. शाकाहारी माणसाची सुरुवात काकडीपासून झाली तर सोपं जातं.

सोबत येणारी हिरवी गोळी म्हणजे वसाबी. ही चटणी समजून चमचाभर तोंडात टाकणाऱ्यांच्या नाकातून धूर निघतो. तिखट जिभेला नाही, थेट नाकात जातं. गंमत म्हणजे बहुतेक हॉटेलांतली वसाबी खरी नसतेच, ती हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाला हिरवा रंग लावून केलेली असते. गुलाबी आल्याचे काप लोणच्यासारखे सुशीवर ठेवायचे नाहीत. दोन घासांच्या मध्ये तोंडाची चव बदलायला ते खातात.

यातलं ओळखीचं काय आहे?

बरंच काही. *तेम्पुरा* म्हणजे भाज्या किंवा कोळंबी पातळ पिठात बुडवून तळायची. भजीच, फक्त बेसनाऐवजी गव्हाचं पीठ. ही तळायची रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानमध्ये नेली असं मानलं जातं. तेव्हा त्यांचा पूर्वेकडचा कारभार गोव्यातून चालायचा. सेंट फ्रान्सिस झेवियर 1549 साली गोव्याहूनच जपानला गेले होते.

*ग्योझा* म्हणजे मोमोचे चुलते, एका बाजूने तव्यावर खरपूस केलेले. *कारे राइसु* म्हणजे करी-भात. हा पदार्थ भारतातून थेट नाही, तर इंग्रजांच्या मार्फत जपानला पोहोचला. त्यामुळे तो गोडसर आणि घट्ट असतो. येसरच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला तो मिळमिळीत वाटण्याची शक्यता जास्त.

टेबलावर कसं वागायचं?

बसल्यावर ओला रुमाल मिळतो, तो हात पुसायला. चॉपस्टिक जमत नसतील तर चमचा मागायचा, कुणी हसत नाही. सुशी तर हाताने खाल्ली तरी चालते.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळायच्या. भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मृताच्या नावाने ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, कारण अंत्यसंस्कारानंतर अस्थी अशाच उचलतात. पिंडाचा भात आणि अस्थी सावडणं माहीत असलेल्या माणसाला यामागची भावना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि एक आनंदाची बातमी. रामेन खाताना आवाज केलेला चालतो. आमटीचा भुरका मारणाऱ्या मराठी माणसाला यापेक्षा सोयीचा नियम कुठला?

बिल आल्यावर काय बघायचं?

स्वतंत्र रेस्टॉरंटच्या बिलावर साधारणपणे 5 टक्के जीएसटी लागतो. सेवा शुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज ही वेगळी गोष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते परस्पर बिलात जोडता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही या सूचना कायम ठेवल्या. ते काढायला सांगता येतं. न काढल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

मग कळंबच्या सोयाबीनचं काय?

सोयाबीनच्या दाण्यात साधारण 18 ते 20 टक्के तेल आणि 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. आपल्याकडे हे दाणे प्रामुख्याने तेल काढायला जातात. उरलेली पेंड मोठ्या प्रमाणात कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ताटात सोयाबीन येतं ते तेल म्हणून, वड्या म्हणून, फार तर गव्हात मूठभर टाकून दळलेल्या पिठातून.

केंद्राने 2024-25 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल ठरवला होता, 2025-26 साठी तो 5,328 झाला. म्हणजे किलोला 53 रुपये 28 पैसे. 2024 च्या हंगामात बाजारात हमीभावाएवढाही दर मिळेना म्हणून हा विधानसभा निवडणुकीतला मुद्दा झाला आणि खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के करावी लागली. 2025 च्या सप्टेंबरमध्ये तर मराठवाड्यातल्या अतिवृष्टीने उभं पीकच पाण्यात गेलं.

अशा वेळी हॉटेलातली एदामामेची वाटी पाहून हिशेब चुकल्यासारखा वाटतो. पण हा हिशेब सरळ नाही. एदामामेचे वाण वेगळे असतात, दाणा टपोरा आणि गोडसर असतो. शेंगा हिरव्या असतानाच तोडून लगेच थंड ठेवाव्या लागतात. भारतातही भाजीच्या सोयाबीनचे वाण निघाले आहेत, रांचीच्या कृषी संशोधन केंद्राचं ‘स्वर्ण वसुंधरा’ हे त्यातलंच एक. पण वाण असून भागत नाही. शीतगृह, वाहतूक आणि मुळात खाणारा लागतो. ते नसेल तर हिरवी शेंग दोन दिवसांत पिवळी पडते.

उलट बाजूही बघायला हवी. ज्या जपानचं जेवण सोयाबीनवर चालतं, तो देश आपल्या गरजेच्या दहा टक्केही सोयाबीन स्वतः पिकवत नाही. बाकीचं अमेरिका, ब्राझील, कॅनडाकडून घेतो. म्हणजे पिकवतो एक, कमावतो दुसरा. त्या दाण्याला आंबवून, साकळवून, बाटलीत भरून जो विकतो, मोल त्याच्या पदरात पडतं.

यंदा शेतात सोयाबीन असेल तर दाणे भरल्यावर, पण शेंगा हिरव्या असतानाच, चार शेंगा तोडून घरी आणून बघता येतील. फवारणी नुकतीच झालेली नाही याची खात्री करायची. मिठाच्या पाण्यात चांगल्या उकडायच्या. कच्चं सोयाबीन पचत नाही, त्यामुळे उकळणं चुकवायचं नाही. चव हॉटेलातल्याएवढी गोड लागणार नाही कदाचित. पण पुढच्या वेळी कुणी एदामामे मागवलंच, तर ते काय आहे हे टेबलावरच्या सगळ्यांना सांगता येईल.