शिवेवरचा कोप

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूरचा डोंगर आहे आणि त्या डोंगरावर रेणुकेचे ठाणे आहे. क्षणभराच्या चित्तचांचल्याचा अपराध, त्यावर भडकलेला जमदग्नीचा क्रोध, पित्याच्या आज्ञेसरशी परशुरामाने केलेला मातेचा शिरच्छेद आणि प्रसन्न झालेल्या त्याच पित्याकडे वर मागून तिला पुन्हा जिवंत करवून घेणे, ही कथा या मुलखात इतकी मुरलेली आहे, की दैवी कोप म्हणजे काय हे येथल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. तो विजेसारखा येतो, अपराधाचे नि शिक्षेचे माप जुळवीत बसत नाही, आणि योग्य वेळी योग्य शब्द बोलणारा कोणी भेटला तर आला तसा मागेही फिरतो. ज्या भूमीत ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तिच्यात ख्रिस्ती धर्मोपदेशक ‘देवाचा क्रोध’ आणि ‘पश्चात्ताप’ हे विषय घेऊन आले तेव्हा नेमके काय घडले असेल, हा प्रश्न मराठवाड्याच्या धार्मिक इतिहासात जितका विचारला जावयास हवा होता तितका विचारला गेलेला नाही.

माहूरचा कोप पुराणातला. गावोगावचा कोप मात्र मरीआईचा. गोदावरीच्या आणि मांजरेच्या काठच्या वस्त्यांत पटकीची साथ शिरली, की अव्वल तालुकदाराच्या कचेरीत तिची नोंद उर्दू दफ्तरात होत असे, परंतु गावाची खरी कैफियत दाखल होई ती शिवेवरच्या शेंदरी दगडापुढे. आईचा गाडा सजवावयाचा, त्यात नैवेद्य, बांगड्या, चोळीचा खण ठेवावयाचा, हलगीच्या कडकडाटात तो शिवेपर्यंत ओढीत न्यावयाचा आणि पलीकडल्या गावाच्या हद्दीत सोडून मागे न पाहता परतावयाचे, असा हा विधी होता. पलीकडल्या गावानेही तो पुढच्या शिवेवर पोचवावयाचा. अंगावर आसूड ओढणारा पोतराज, बहुधा मांगांच्या घरातला, गावाच्या वतीने वेदना सोसून देवीला शांत करी. या व्यवस्थेची थट्टा करण्याचे कारण नाही. जेथे दवाखाना नाही तेथे भयभीत समाजाला काहीतरी एकत्रितपणे करावयास मिळणे, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु एक गोष्ट मात्र लक्षात घेतली पाहिजे: या कोपाला कारण लागत नव्हते. तो शांत करावयाचा होता, किंवा निदान शेजाऱ्याच्या माथी मारावयाचा होता. गावाने आपली वागणूक बदलावी अशी मागणी त्या गाड्यावरून कोणी करीत नव्हते.

ख्रिस्ती उपदेशाची मागणी नेमकी हीच होती, आणि मराठवाड्यात ती ठळकपणे मांडणारा पुरुष म्हणजे जालन्याचा नारायण शेषाद्री. १८४३ साली मुंबईत फ्री चर्च मिशनऱ्यांच्या सहवासात या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच मार्गावर होता. पण तो अल्पवयीन, म्हणून प्रकरण कोर्टात गेले आणि मुलगा बापाच्या ताब्यात परत देण्यात आला. पुढचा प्रश्न कोर्टाच्या आवाक्यातला नव्हता. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यावयाचे कसे? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घेण्याचा पक्ष उचलून धरला, सनातन्यांनी त्यावर काहूर माजवले, आणि मुंबईचे ब्राह्मणवृंद कित्येक महिने एका पोराच्या शुद्धतेवर भांडत राहिले. एकाच घरातल्या दोन भावांपुढे पापक्षालनाचे दोन मार्ग असे एकाच वेळी उभे राहिले, याहून बोलके उदाहरण त्या शतकात सापडणे कठीण. धाकट्याच्या बाबतीत प्रश्न होता समाजातल्या स्थानाचा: विधी कोणता, तो करावयाचा कोणी, आणि झाल्यावर पंक्तीला बसावयाचे कोणाच्या. थोरल्याने स्वीकारलेल्या मार्गात विधीने मिटणारे असे काही नव्हते. तेथे माणूस उघड्या अंतःकरणाने देवापुढे उभा राहणार, अपराध स्वतःच्या तोंडाने कबूल करणार आणि आपल्या जीवनाची दिशा बदलणार, अशी अपेक्षा होती.

हाच नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या मुलखात आला, आणि जालन्यानजीक, दिवाण सर सालारजंगांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर त्याने ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. त्याच्याकडे आलेले लोक बहुतांशी मांग आणि महार होते. ज्यांच्या पाठीवर गावाच्या वतीने आसूड उमटत आला होता, त्यांच्यापैकी काहींना येथे प्रथम सांगण्यात आले, की देवाला तुमच्या पाठीचे रक्त नको आहे. आणि त्याच दमात हेही, की तुमच्या अंतःकरणातील पापाबद्दल तो तुम्हांला विचारणार आहे. यांतले पहिले वाक्य मुक्तीचे होते, दुसरे जड. शतकानुशतके अन्याय सोसणाऱ्याला प्रथम स्वतःचे पाप शोधावयास सांगणे कितपत न्याय्य, हा प्रश्न मिशनच्या अहवालांत क्वचितच उमटतो. मला तो टाळता येत नाही. परंतु त्याच उपदेशात पाटील, देशमुख आणि स्वतः दिवाणसाहेब हेदेखील त्याच क्रोधाखाली उभे होते, त्यांच्यासाठी निराळा कायदा नव्हता, ही गोष्टही ऐकणाऱ्याच्या कानांतून सुटली नसेल. पुढे बिदर-उदगीरच्या पट्ट्यात मेथॉडिस्टांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या (उदगीर त्या काळी बिदर जिल्ह्यात होते, आणि लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते). कॅथलिकांच्या घरी राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि धर्मगुरूपुढचे पापनिवेदन आले. पश्चात्ताप अशा रीतीने वर्षाच्या पंचांगात बसला.

ख्रिस्ती शास्त्रातील हा क्रोध आहे तरी कसा, याविषयी त्या धर्मातच पहिल्यापासून वाद आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या इसमाने जुन्या करारातला रागावणारा देव निराळा आणि येशूचा दयाळू पिता निराळा, असा सरळ निवाडा दिला. चर्चने त्याला १४४ च्या सुमारास बाहेर काढले आणि तो कोपिष्ट ग्रंथभाग जवळच ठेवला. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टँशियसने ईश्वरी क्रोधावर एक स्वतंत्र प्रबंध लिहून असा युक्तिवाद केला, की ज्याला दुष्टाईचा राग येत नाही त्याला सज्जनाविषयी प्रेम वाटते असे म्हणण्यातही अर्थ नाही. उलट ऑगस्टीनने बजावले, की देवाचा राग म्हणजे मनाचा क्षोभ नव्हे. या पंडिती वादाहून मला योनाची गोष्ट अधिक उपयोगी वाटते. योना निनवे शहरात जाऊन चाळीस दिवसांत तुमचा नाश होणार अशी दवंडी पिटतो; राजापासून रंकापर्यंत सारे गोणपाट नेसून वाईट मार्ग सोडतात; देव नाश रद्द करतो; आणि आपले भाकीत खोटे पडले म्हणून संदेष्टा रुसून बसतो. या क्रोधाचे सारे स्वरूप येथे उघड होते. तो आगाऊ सांगितला जातो, आणि सांगितला जातो तो खरा ठरू नये म्हणून. म्हणूनच तो जिवंत माणसाला उद्देशून असतो. ज्याला वळण्यास वेळच उरला नाही त्याच्यावर तो निकाल म्हणून वाचून दाखवणे हा त्याचा दुरुपयोग होय.

हा दुरुपयोग मात्र विपुल झाला. १८५७ चा उठाव चालू असतानाच ७ ऑक्टोबर रोजी इंग्लंडात सार्वत्रिक पश्चात्तापाचा व उपवासाचा दिवस पाळण्यात आला, आणि स्पर्जन या प्रसिद्ध उपदेशकाने क्रिस्टल पॅलेसात वीस हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे प्रवचन केले. राष्ट्राने स्वतःची पापे आठवावीत हा हेतू शास्त्राला धरून होता. तथापि त्या शोकात दिल्लीच्या मृतांना जागा किती होती, हे वाचकाने स्वतःच ठरवावे. (सालारजंगांनी त्याच वर्षी हैदराबाद संस्थान कंपनीच्या बाजूला राखले होते; बेथेलच्या जमिनीचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.) याहून ठसठशीत उदाहरण लिस्बनचे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, प्रार्थनामंदिरे माणसांनी भरलेली असताना, भूकंपाने आणि मागोमाग लागलेल्या आगीने ते शहर बेचिराख झाले. मालाग्रिडा नावाच्या वृद्ध जेझुइटाने पुढच्या वर्षी पुस्तिका काढून सांगितले, की याचे कारण भूगर्भात नाही, लिस्बनच्या पापात आहे, आणि घरे बांधण्याआधी लोकांनी पश्चात्ताप करावा. शहर उभारण्याच्या कामात गुंतलेल्या पोंबाल या मंत्र्याला हे मानवले नाही; मालाग्रिडा हद्दपार झाला, आणि १७६१ मध्ये पाखंडाच्या आरोपावरून त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. क्रोधाचा अर्थ चुकीच्या वेळी सांगणाऱ्यावर राज्यसत्तेचा क्रोध असा कोसळला, आणि त्यात न्याय कोणाच्याच बाजूला नव्हता.

आपल्याकडे हा प्रश्न १९३४ मध्ये निराळ्या अंगाने आला. १५ जानेवारीच्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा म्हटले आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. गांधीजींच्या बाजूने इतकेच म्हणता येईल, की जुन्या करारातल्या संदेष्ट्यांप्रमाणे ते स्वतःच्याच समाजाला दोष देत होते, परक्याला नव्हे. तरीही त्या वाक्याची किंमत बिहारच्या खेड्यांतील ज्या मृतांना मोजावी लागली त्यांत अस्पृश्यही होते. या वादात रवींद्रनाथांचेच खरे होते असे मी मानतो.

पश्चात्तापाचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा सार्वजनिक आविष्कार म्हणून १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात झालेल्या जागृतीचा उल्लेख केला जातो. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली आणि बाया रडत, आक्रोश करीत आपापली पापे कबूल करीत होत्या. ज्यांना उपासमारीच्या तोंडातून ओढून काढले होते त्यांनीच हा शोक करावा, यातली विसंगती आजच्या वाचकाला खुपेल. परंतु दुष्काळ त्या मुलींच्या पापामुळे पडला असे रमाबाईंनी मानले असते तर गाड्या भरभरून त्यांना आणण्याची यातायात त्यांनी केली नसती. कोणाला अन्न द्यावे आणि कोणाला पश्चात्ताप सांगावा, या दोन प्रश्नांचा क्रम त्यांना ठाऊक होता.

आणि मग लातूर जिल्ह्यातले किल्लारी. २९ सप्टेंबर १९९३ च्या रात्री गणपतीचे विसर्जन करून औसा व उमरगा तालुक्यांतली गावे उशिरा झोपली, आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हादरली. सव्वासहाच्या आसपास तीव्रतेचा हा भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत गणला जाणारा नव्हे; तरी सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. सणाची रात्र, भक्ती करून निजलेली माणसे, आणि पहाटेचा घाला: लिस्बनशी असलेले हे साम्य अंगावर येते. अशा वेळी जे बोलले जाते ते येथेही बोलले गेले; कोणी देवीचा कोप म्हटले, कोणी पाप वाढल्याचे सांगितले. ख्रिस्ती उपदेशकापुढे अशा प्रसंगी नेहमीच एक मोह असतो, आणि त्या मोहाला त्याच्याच ग्रंथात उत्तर आहे. लूकाच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाल्याचा उल्लेख येतो. ती माणसे यरुशलेमातल्या इतरांहून अधिक पापी होती काय, असे येशू स्वतःच विचारतो, नाही असे स्वतःच सांगतो, आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळून पश्चात्ताप तुम्ही करा असे बजावतो. मेलेल्यांना त्या वाक्यात पूर्ण सूट आहे. दोषारोपाची सारी धार जिवंतांकडे वळलेली आहे.

किल्लारीला जिवंतांकडे पाहिले असता काय दिसत होते? गावांतली घरे जाड दगडी भिंतींची, दगड मातीत बसवलेले, वर माळवद; पावसाळा आला की गळती थांबवण्यासाठी माळवदावर मातीचा आणखी एक थर चढावयाचा, आणि अशा थरांचा भार पिढीगणिक वाढत जावयाचा. ऊन आणि चोर यांपासून राखण करणारी ही भिंत आडव्या हादऱ्यापुढे उभी राहू शकत नाही. त्यातही पूर्वसूचना मिळालेली होती: १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात धक्के बसत होते आणि त्या ऑक्टोबरात तर एक चांगला जाणवणारा धक्का बसून घरांना तडे गेले होते. निनवेला चाळीस दिवस मिळाले होते, किल्लारीला जवळजवळ वर्ष. लोक घाबरले, रात्री बाहेर झोपले, अर्जविनंत्या झाल्या, मग धक्के थांबले आणि माणसे पुन्हा त्याच माळवदाखाली आली. दख्खनचे हे पठार अचल आहे अशी शास्त्रज्ञांची आणि सरकारचीही धारणा होती. देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशावर लातूरचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात दाखवलेला होता. १९६७ चा कोयनेचा भूकंप विस्मृतीत गेला होता.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली, जागतिक बँकेच्या साह्याने घरे बांधली गेली, आणि जुन्या गावठाणांतल्या ढिगाऱ्यांवर बाभळी उगवल्या. मातीत बसवलेल्या दगडाची भिंत पुनर्वसनाच्या आराखड्यातून बाद झाली. २००२ साली भारतीय मानक ब्युरोने भूकंपविभागांचा नकाशा सुधारला तेव्हा लातूर तिसऱ्या विभागात आले, आणि पहिला विभाग दुसऱ्यात विलीन करून नकाशावरून काढून टाकण्यात आला.