पावकी गेली, हिशेब राहिला

आजच्या मुलांना तोंडी हिशेब येत नाहीत, अशी तक्रार पालक नेहमी करतात. तिच्यामागे थोडा इतिहास आहे. पूर्वी रुपयाचे १६ आणे असत. सहा आणे शेराने साडेतीन शेर गूळ घेतला, तर औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा पाठ असलेला मुलगा 'एक रुपया पाच आणे' असे चटकन सांगे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९५८ पासून मेट्रिक वजने आली आणि पावकी, निमकी, औटकीची गरज सरली. मुले मठ्ठ झाली नाहीत, मापे बदलली. परंतु पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत दशांशचिन्ह एक घर सरकले तरी माल भंगारात जातो. यंत्राच्या उत्तरातील चूक ओळखण्यास मनातला अंदाजच लागतो. पालकहो, तीसपर्यंतचे पाढे मुलांकडून रोज म्हणवून घ्या.