लालबागची मतदारयादी

१९५७. गिरणीचा भोंगा झाला, उठा. तुम्ही लालबागच्या एका चाळीत आहात. दहा बाय बाराची खोली, त्यात एवढी माणसं की झोपायचंही पाळीपाळीनं. रात्रपाळी सुटलेले आत्ताच आलेत, केसांत कापसाचे तंतू तसेच. आज त्यांना झोपायचं नाही. नळावर कळशी लावून उभी असलेली वहिनी तुम्हाला हटकते, "भावोजी, आंघोळ मागनं करा. आधी शाळेत जाऊन या."

शाळा म्हणजे मतदान केंद्र. एकवीस पूर्ण असाल तरच यादीत नाव. बोटाला शाई लागते आणि हातात कागद पडतो. त्यावर कुणाचंच नाव छापलेलं नाही. पडद्यामागे जा. पोलादी पेट्या मांडल्यात, उमेदवारागणिक एक, आणि प्रत्येकीवर चिन्ह चिकटवलेलं: बैलजोडी, कणीस-विळा, हत्ती. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. मध्य मुंबईतून लोकसभेवर दोघं जायचे आहेत, एक जागा राखीव. म्हणून मतंही दोन, आणि ती दोन वेगळ्या पेट्यांत पडली पाहिजेत. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पोरांनी हे गॅलरीगॅलरीतून घोकून घेतलंय: एक मत कम्युनिस्ट पक्षाच्या कॉम्रेड डांग्यांना, दुसरं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या गोपाळ काळुजी माने यांना.

पेटीपाशी क्षणभर थांबा. गिरण्यांच्या साचेखात्यात वर्षानुवर्षं दलित माणसाला शिरकाव नव्हता. धोटा भरताना धागा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्णांना तो विटाळ वाटे. त्याच साच्यांवर काम करणाऱ्यांकडे आज माने यांच्या हत्तीच्या पेटीसाठी मत मागितलंय. डांगे निवडून येतात, माने निवडून येतात. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर फ्लोरा फाउंटनला झालेल्या गोळीबारानं पेटलेल्या वस्तीनं मतपेटीतून दिलेलं हे उत्तर आहे.

१९७०, ऑक्टोबर. चाळ तीच, जिनाही तोच, पण कोपऱ्यावर आता शाखेचा फळा आहे. दोन वर्षांपूर्वी महापालिकेत शिवसेनेचे ४२ नगरसेवक गेले. ५ जूनला इथले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. आज परळची पोटनिवडणूक आहे. त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या आहेत, समोर सेनेचे वामनराव महाडिक. आता कागदावरच नावं आणि चिन्हं छापलेली असतात, शिक्का मारून घडी घालायची. एकाच खोलीतून बाप लाल बावट्याकडे आणि मुलगा शाखेकडे निघतो. जिन्यात दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण घरी कुणीच बसत नाही. महाडिक १,६७९ मतांनी जिंकतात आणि सेनेचा पहिला आमदार विधानसभेत पोचतो. एवढ्या मतांनी गिरणगावाची दिशा बदलली. आपल्या एका मतानं काय होतंय, असं म्हणणाऱ्यानं हा आकडा पाठ करावा.

१९८४, डिसेंबर. भोंगा वाजत नाही. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप कुणी मागे घेतलेला नाही, पण अडीच लाख कामगारांची घरं त्यानं खिळखिळी केलीत. कितीतरी खोल्यांना कुलूप आहे, माणसं कोकणात, साताऱ्याला परतलीत. जी उरलीत त्यांची मंगळसूत्रंही गहाण. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट आहे. आणि दक्षिण-मध्य मुंबईत? संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून येतात. पगार नसलेल्या माणसाकडे मत तेवढं शिल्लक होतं, आणि ते त्यानं वाया जाऊ दिलं नाही.

आता २० नोव्हेंबर २०२४ला या. विधानसभेची निवडणूक, मतदारसंघाचं नाव शिवडी. गिरणीच्या जागी मॉल आणि टॉवर. शहरी मतदार जोडून सुट्टी घेऊन बाहेरगावी जातो म्हणून निवडणूक आयोगानं मुद्दाम बुधवार निवडलाय. मोठ्या सोसायट्यांच्या आवारातही केंद्रं उघडलीत. तरी राज्यात ६६ टक्के मतदान होतं आणि मुंबई शहर जिल्हा ५२च्या आसपास अडतो.

याला नुसता आळस म्हणू नका. केंद्राबाहेर टेबलाशी बसलेल्या पक्षाच्या गटप्रमुखाच्या हातातली यादी पाहा. नावाशेजारी पेन्सिलीनं लिहिलंय: विरार, कल्याण, गावी, वारले. पुनर्विकासात माणसं भाड्याच्या घरी पांगली, नावं जुन्या पत्त्यावर राहिली. टॉवरमध्ये हीच यादी घेऊन गेलात तर वॉचमन इंटरकॉमवरून विचारतो आणि वरून "नको" येतं. सत्तावन्नमध्ये जे काम वहिनीच्या एका हाकेनं झालं, ते इथं करायला कुणी नाही.

लाल, भगवा, अपक्ष. लालबागचा कल फिरत राहिला आणि फिरायलाच हवा, कारण वस्ती विचार करत होती. टक्का मात्र दारावर ठरतो. तुम्हाला नावानं ओळखणारं, आज तुम्ही गेलात की नाही हे विचारण्याचा हक्क असलेलं माणूस शेजारी असेल तर मतदान वाढतं. पक्षांनी ते काम पगारी पोरांवर सोपवलं आणि आपण पक्षांवर सोडून दिलं.

म्हणून परत आल्यावर दोन कामं करा. घर बदललं असेल तर फॉर्म ८ भरून नाव नव्या पत्त्यावर आणा. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. आणि मतदानाच्या दिवशी निघताना शेजारचं दार वाजवा. ते कुणाला मत देणार हे विचारू नका. "येताय ना?" एवढंच विचारा आणि त्यांच्यासाठी थांबा.