लेनॉक्सचे संगीत-शिबिर

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बर्कशायर टेकड्यांत वसलेले लेनॉक्स हे गाव लगतच्या टँगलवूडमध्ये होणाऱ्या बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदाच्या उन्हाळी मैफलींमुळे संगीतप्रेमींना परिचित आहे. त्याच गावात बेल्व्हॉयर टेरेस या, एरवी मुलींसाठी चालणाऱ्या कलाशिबिराच्या आवारात १९९४ मध्ये विल्यम्स सिंड्रोम असलेल्यांसाठी संगीत व कलांचे शिबिर भरू लागले.

सिंड्रोम म्हणजे एकत्र आढळणाऱ्या लक्षणांचा समूह. न्यूझीलंडमधील डॉ. विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हा समूह प्रथम नोंदवला, तो हृदयविकाराच्या अंगाने. कारण तो असलेल्या बहुतेक मुलांची महाधमनी हृदयालगत अरुंद असते. सातव्या गुणसूत्राच्या एका प्रतीतील छोटा तुकडा गळाल्यामुळे हे घडते, हे १९९३ मध्ये उलगडले. या मुलांना बेरीज-वजाबाकी किंवा साध्या आकृतीची नक्कल अवघड जाते, मात्र ती बोलकी, माणसांत रमणारी आणि आवाजांच्या बाबतीत विलक्षण हळवी असतात.

संगीताची ओढ आधी पालकांच्या ध्यानात आली, प्रयोगशाळांच्या नंतर. कॅलिफोर्नियातील जीवशास्त्रज्ञ हॉवर्ड लेनहॉफ यांची मुलगी अनेक भाषांतील गाणी मुखोद्गत करून गात असे, आणि या अनुभवातूनच लेनहॉफ या विषयाच्या अभ्यासाकडे वळले. त्याआधीही विशेष मुलांसाठी संगीत योजले जात होते. इंग्लंडमधील सनफील्ड या संस्थेत पॉल नॉर्डॉफ व क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ पासून त्याची पद्धत घडवली होती. परंतु तेथे संगीत उपचाराच्या भूमिकेत होते, तर लेनॉक्समध्ये ते शिकण्याचा विषय झाले. हा फरक लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे मूल रुग्ण न राहता विद्यार्थी ठरते.

शिबिराकडे संशोधकही आले. मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स १९९५ मध्ये तेथे काही दिवस राहिले, आणि डॅनियल लेव्हिटिन व अर्सुला बेलुगी यांनी घेतलेली लयीची चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या चाचणीत परीक्षकाने टाळ्यांनी वाजवलेला ठेका मुलाने तसाच परत वाजवायचा होता. बरोबर उत्तरांत ही मुले इतर मुलांच्या तोडीस तोड ठरली, पण खरी मौज त्यांच्या चुकांत होती: चुकलेला ठेकाही बहुधा लय न सोडता मूळ ठेक्याला पुढे नेणारा किंवा पुरा करणारा निघाला. तबल्याच्या शिकवणीत अशा चुकीला गुरुजी रागावतीलच असे नाही. विल्यम्स सिंड्रोमची सर्वच मुले दैवी गायक असतात असा जो बोलबाला वृत्तपत्रांतून झाला, तो मात्र अतिरंजित होता. ओढ आणि असामान्य कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाद्यावर हात बसायला या मुलांनाही पुष्कळ सराव लागतो.

उन्हाळ्यातील थोड्या दिवसांत तो सराव पुरा होत नाही, हे पालकांना उमगले होते. २००१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्येच, साउथ हॅडली येथे, तरुण वयाच्या अशा विद्यार्थ्यांसाठी बर्कशायर हिल्स म्युझिक अकॅडमी ही निवासी संस्था सुरू झाली.