पेटीतला राणीछाप रुपया

लक्ष्मीपूजनाला ताटात राणीछाप रुपया मांडणारी घरं आपल्याकडे अजून आहेत. पण 1948 पर्यंत धाराशिव भागात राज्य निजामाचं, नाणंही त्याचंच, हाली सिक्का. मग इंग्रजांची राणी आपल्या पेटीत कशी आली? चांदीमुळे! इंग्रजी रुपया, म्हणजे कलदार, जुन्या तोळ्याचा, 11.66 ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. हालीत चांदी कमी. साठवायचं तर कलदारच बरा. 1940 पासून कलदारातही चांदी निम्म्यावर आली.

राणी 1901 साली वारली. तिच्या चेहऱ्याच्या रुपयावर त्यापुढचं साल असेल, तर तो खोटा. मोडीत घालताना सराफ वजनच बघणार. साल आणि चेहरा आधी आपण बघायचा.