शाळा सुटते, दुकान सुटत नाही: शाळेतच पाळणाघर कसं सुरू करायचं?

राजवाडा (इंदूर) : सराफा, खजुरी बाजार, शीतलामाता बाजार. राजवाड्याभोवतीचा हा सगळा बाजार सकाळी उशिरा उघडतो आणि रात्रीपर्यंत चालतो. इथं काउंटरवर, शिलाईवर, हिशेबाच्या टेबलावर काम करणाऱ्या आईवडिलांची मुलं मात्र दुपारीच शाळेतून सुटतात. घरात आजी-आजोबा असतील तर ठीक. नसतील तर शेजारीण, ट्यूशन, नाहीतर गळ्यात किल्ली. शाळेआधीचे एक-दोन तास आणि शाळेनंतरचे चार-पाच तास मुलांना शाळेच्याच इमारतीत सांभाळता येतील का, हा प्रश्न इंदूरइतकाच बऱ्हाणपूर, बेळगाव, जळगावच्या पालकांचाही आहे.

वेळेचं गणित

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं आवश्यक आहे. म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास, म्हणजे साधारण साडेचार तास. नोकरी आठ-नऊ तासांची, वर जाण्यायेण्याचा वेळ. फरक तिथंच पडतो.

सकाळचीही अडचण आहे. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. मुलांच्या झोपेसाठी ते बरंच झालं, पण आठला कामावर निघणाऱ्या आईपुढे नवा प्रश्न आला. मध्य प्रदेशात थंडीच्या लाटेत जिल्हाधिकारी शाळेची वेळ पुढे ढकलतात, तेव्हाही हेच होतं.

कायदा सहा वर्षांवर थांबतो

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. राजवाड्याच्या दुकानात माणसं पाच-दहा, त्यामुळे ती या आकड्यात बसतच नाहीत. केंद्राची ‘पालना’ योजना आहे, पण ती ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी. सातव्या वर्षी मूल स्वतःला सांभाळायला लागतं असं गृहीत धरल्यासारखंच हे आहे. शाळकरी मुलाची दुपार कुणाच्याच खात्यात नाही. म्हणून पुढाकार शाळा आणि पालकांनीच घ्यायचा आहे.

इंदूरला हे काम परकं नाही. शालिनीताई मोघे यांनी १९४७ मध्ये इथं बाल निकेतन संघ उभा केला. या कामासाठी १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी योजनेची वाट न पाहता लहान मुलांसाठी संस्था उभी राहू शकते, हे या शहरानं पाहिलेलं आहे.

सुरुवात कुठून?

१. मागणी मोजा. किती मुलं, कुठल्या इयत्तेतली, किती वाजेपर्यंत, आणि पालक महिन्याला किती देऊ शकतील, एवढेच चार प्रश्न चिठ्ठीवर विचारा.

२. विषय समितीत मांडा. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आईनं मांडलेला ठराव तिथं टाळणं अवघड असतं. खासगी शाळेत संस्थेच्या विश्वस्तांशी बोला.

३. खोली पाहा. दोन पाळ्यांच्या शाळेत दुपारी वर्ग रिकामा नसतो. तळमजल्यावरची, स्वच्छतागृहाजवळची एक खोली आणि पटांगणाचा एक भाग हवा.

४. लेखी करार करा. शाळा जागा देणार, चालवणार कोण? पालकांची नोंदणीकृत संस्था, महिला बचत गट की शाळा स्वतः? वीज, सफाई, अपघाताची जबाबदारी कुणाची, हे कागदावर हवं.

५. ट्यूशन करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. तेव्हा सांभाळणाऱ्या ताई वेगळ्या असाव्यात. गृहपाठाला बसवावं, पण मुलांची दुसरी शाळा भरवू नये.

हिशेब

उदाहरणासाठी २४ मुलं आणि महिन्याचे २४ दिवस धरा. दोन ताई (प्रत्येकी १०,००० रुपये) आणि एक मावशी (८,०००) मिळून २८,००० रुपये. खाऊ रोज प्रत्येकी १५ रुपयांप्रमाणे ८,६४०. साहित्य, औषधपेटी, वीज ३,०००. एकूण ३९,६४० रुपये, म्हणजे एका मुलामागे साधारण १,६५० रुपये. जागेचं भाडं यात नाही, शाळेत पाळणाघर करण्याचा मोठा फायदा हाच.

आता मुलं १२ च आली आणि माणसं तेवढीच ठेवली, तर खर्च ३५,३२० होतो आणि एका मुलामागे २,९४० च्या वर जातो. बरीच पाळणाघरं इथंच बंद पडतात. म्हणून किमान संख्या ठरल्याशिवाय सुरू करू नका, आणि फी तिमाही आगाऊ घ्या. पगार ठरवताना आपल्या राज्याचं किमान वेतन तासांच्या प्रमाणात तपासा.

ज्यांना १,६५० झेपत नाहीत त्यांचं काय? खरी गरज तर त्यांनाच. दर पाच-सहा मुलांमागे एक जागा सवलतीची ठेवून तिचा भार व्यापारी असोसिएशन किंवा देणगीदारांनी उचलावा. मूल सुरक्षित असेल तर आई कामावर टिकते, यात दुकानदाराचाही फायदा आहे.

सुरक्षिततेत तडजोड नको

• शाळेची घंटा आणि पाळणाघराची हजेरी यांच्यामधली दहा मिनिटं सर्वांत धोक्याची. वर्गशिक्षकांनी मुलं ताईंच्या हाती द्यावीत आणि वहीत सही घ्यावी.
• मुलं असतील तोवर किमान दोन मोठी माणसं हजर हवीत.
• नेणाऱ्याचं नाव व फोटो आधी नोंदवलेला असावा. ओळखीचा चेहरा आहे म्हणून मूल कुणाच्या हाती देऊ नये.
• सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी. लैंगिक छळाची माहिती मिळाली तर पोक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘आपसात मिटवणं’ हा गुन्हा ठरतो. चाइल्ड हेल्पलाइन १०९८.
• अ‍ॅलर्जी, औषधं आणि दोन फोन नंबर प्रत्येक मुलाच्या कार्डावर असावेत.
• सुट्ट्यांचं कॅलेंडर आधीच लावा. रंगपंचमीच्या गेरला आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना राजवाड्याचे रस्ते बंद असतात, त्या दिवशी मूल कुठून न्यायचं ते पालकांना ठाऊक हवं.

दुपार कशी जावी?

आल्यावर हातपाय धुणं आणि खाणं, मग अर्धा तास पडणं, पाऊण तास गृहपाठ, बाकी खेळ, चित्रं, गोष्टी. इंदूरला पाळणाघराला ‘झूलाघर’ म्हणतात. मुलं शाळेत हिंदी-इंग्रजीत शिकतात, घरी मराठी बोलायला वेळ कमी. ताई मराठी बोलणारी असेल आणि आठवड्यातून दोनदा एखादी आजी गोष्ट सांगायला आली, तर भाषाही सांभाळली जाते. राज्याबाहेरच्या मराठी कुटुंबांना हे पैशानं विकत मिळत नाही.

बाहेर काय चालतं?

स्वीडनमध्ये ‘फ्रिटिड्सहेम’ नावाची शाळेनंतरची केंद्रं शिक्षणव्यवस्थेचाच भाग आहेत. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या मुलांना सकाळी ८ ते संध्याकाळी ६ सोय मिळावी असं सरकारी धोरण आहे. जर्मनीत २०२१ च्या कायद्यानं पहिलीच्या मुलांपासून, ऑगस्ट २०२६ पासून, पूर्ण दिवसाच्या सोयीचा हक्क टप्प्याटप्प्यानं दिला आहे. तिथं सरकारी पैसा आहे. आपल्याकडे निदान इमारती आहेत, आणि नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शाळेच्या रिकाम्या वेळेतली जागा समाजाच्या उपयोगी आणावी असं सुचवलं आहे.

पुढच्या पालकसभेच्या विषयपत्रिकेत एक ओळ घालायला सांगा: ‘शाळेआधी आणि शाळेनंतर मुलांची सोय’. सोबत चार प्रश्नांची चिठ्ठी वाटा. वीस-बावीस नावं जमली की काम सुरू करता येतं.